विमानातील शेजारी आणि आपली जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथून विमानाने जाणाऱ्यांची तिकिटे काढून देताना गेल्या काही वर्षांत एक बदल मला ठळकपणे जाणवला आहे. पूर्वी लोक सामानाचे वजन आणि निघण्याची वेळ एवढेच विचारत. आता प्रवासाहून परतल्यावर फोन येतो, शेजारी कसा बसला होता आणि पुढच्याने सीट कशी अंगावर टाकली ते सांगितले जाते, आणि शेवटी प्रश्न असतो की त्या वेळी आम्ही काय करायला हवे होते. पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक नमूद केला आहे.

१. विमानात माझी जागा म्हणजे नेमकी किती आणि कुठपर्यंत?

दोन आर्मरेस्टमधील (हात टेकवण्याच्या दांड्यांमधील) रुंदी, पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचे अंतर आणि पुढच्या सीटखालची पाय व लहान पिशवी ठेवण्याची पोकळी, एवढी जागा आपल्या तिकिटाची असते. देशांतर्गत मार्गांवर सर्रास दिसणाऱ्या एअरबस ए३२० विमानात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असतात. सीटची रुंदी साधारण १७ ते १८ इंच भरते आणि दोन रांगांतील अंतर बहुतेक ठिकाणी २८ ते ३० इंच असते. हे अंतर एका सीटच्या ठरावीक बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंत मोजतात. त्यामुळे सीटच्या पाठीची जाडीही त्यातच आली, आणि गुडघ्यांना प्रत्यक्षात मिळणारी जागा त्याहून बरीच कमी असते. एटीआर ७२ या विमानात आणि एम्ब्रेअर १७५ च्या साध्या वर्गात दोन-दोन सीट असल्यामुळे मधल्या सीटचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा धरली जाते, आणि तिघांच्या बाकावर "जरा सरकून घ्या" म्हटले की चौथा माणूसही सामावतो. त्या सरकून घेण्यात चांगुलपणा आहे आणि तो मला मनापासून प्रिय आहे. विमानात मात्र सरकायला जागाच नसते. १८ इंचांच्या सीटवर शेजाऱ्याने दोन इंच व्यापले, तर आपल्या जागेचा नववा भाग गेलेला असतो, आणि म्हणूनच तो खुपतो.

२. दोन सीटमधल्या आर्मरेस्टवर हात कोणी ठेवायचा?

याचा लेखी नियम नाही, परंतु बहुतेक प्रवासी पाळतात असा एक संकेत आहे. तीन सीटच्या रांगेत खिडकीजवळच्या माणसाला टेकायला भिंत मिळते, वाटेकडच्या माणसाची एक बाजू मोकळी असते आणि मधल्याला यांपैकी काहीच नसते. म्हणून मधल्या दोन्ही आर्मरेस्ट मधल्या प्रवाशाच्या मानाव्यात. दोन सीटच्या रांगेत एकाने कोपर पुढच्या टोकाशी आणि दुसऱ्याने मागच्या टोकाशी ठेवले की दोघांचेही भागते. शेजाऱ्याने आर्मरेस्ट वर उचलून ठेवली असेल आणि तुम्हाला ती खाली हवी असेल, तर ती खाली घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. "दादा, ही खाली घेतो" एवढे सांगून ती खाली घ्यावी.

३. शेजाऱ्याला सांगायचे कसे? बोललो तर त्यांना वाईट वाटेल आणि नाही बोललो तर आपली कुचंबणा होते.

सर्वांत जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, आणि माझ्या मते बाकीच्या बहुतेक प्रश्नांचे मूळही येथेच आहे. आपण पहिली वीस मिनिटे काही बोलत नाही, कोपराने कोपर ढकलत राहतो, सुस्कारे टाकतो आणि मग अचानक आवाज चढवून बोलतो. समोरच्याला त्या वीस मिनिटांत काहीच कळलेले नसते. त्याच्या दृष्टीने भांडण तुम्ही सुरू केलेले असते.

म्हणून लवकर बोलावे, शक्यतो विमान हलण्यापूर्वीच. नेमके काय हवे ते सांगावे, माणसाच्या वागण्यावर बोलू नये. "नीट बसा ना" या वाक्याने समोरचा दुखावतो आणि त्याला करायचे काय हेही कळत नाही. त्याऐवजी "काका, तुमचा गुडघा माझ्या पायाला लागतोय, थोडा तिकडे घेता का?" असे म्हटल्यावर दहापैकी नऊ माणसे लगेच पाय आवरतात, असा माझा अनुभव आहे. आपल्या भागातील प्रवाशाशी बोलताना दादा, ताई, काका, मावशी, मामा हे शब्द फार उपयोगी पडतात, कारण त्यांच्यामुळे विनंतीला घरचे वळण मिळते. परप्रांतीय शेजारी असल्यास हिंदीत "भैया" किंवा "आंटीजी" चालते. एकदा सांगून फरक पडला नाही, तर त्याच शांतपणे दुसऱ्यांदा सांगावे. तिसऱ्यांदा मात्र शेजाऱ्याला सांगू नये, क्रूला, म्हणजे विमानातील कर्मचाऱ्यांना, सांगावे (प्रश्न १२ पाहावा).

४. पुढच्या प्रवाशाने सीट पूर्ण मागे टाकली आणि माझे गुडघे दबले. त्याला तसा हक्क आहे का?

हक्क आहे, पण त्याला काही वेळांची मर्यादा आहे. विमान सुटताना आणि उतरताना सर्वांच्या सीट सरळ असाव्याच लागतात. जेवण वाढले जात असताना क्रूने सांगितल्यास सीट सरळ करणे अपेक्षित असते. उरलेल्या वेळात सीटला मागे जाण्याची सोय असेल तर ती वापरणे चुकीचे नाही. प्रश्न ती कशी वापरली जाते याचा आहे.

हे मी माझ्या आईमुळे शिकलो. तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि तो पूर्ण वाकत नाही. मुंबईहून परतताना विमान वर स्थिरावताच पुढच्या गृहस्थाने मागे न बघता एका झटक्यात सीट टाकली. आईच्या समोरचा ट्रे उघडा होता, त्यावरचा चहाचा कागदी पेला तिच्या मांडीवर कलंडला आणि ट्रेची कड नेमकी त्या गुडघ्यावर बसली. ती ओरडली नाही. तिने पदराने चहा टिपला, पाय तिरपा करून वाटेत काढला आणि उरलेला सगळा वेळ तशीच बसली. मी दोन रांगा मागे होतो आणि मला हे उतरल्यावर कळले. त्या गृहस्थाला तर ते कधीच कळले नाही. तिने फक्त "बाबा, माझा गुडघा अडकला" एवढे म्हटले असते, तर त्याने सीट नक्की पुढे घेतली असती, असे मला आजही वाटते.

म्हणून मागच्या प्रवाशाने खांद्यावर हलके बोट ठेवून किंवा आवाज देऊन अडचण सांगावी आणि मधला मार्ग सुचवावा, उदाहरणार्थ "अर्धीच मागे घेता का?" पुढच्या सीटला गुडघे रोवून धरणे, तिला धक्के देणे किंवा सीट अडवणारे एखादे साधन लावणे हे उपाय करू नयेत. त्यात सीटची मोडतोड होऊ शकते आणि दोष तुमच्यावर येतो. तुमची उंची जास्त असेल किंवा गुडघ्याचा त्रास असेल, तर वाटेकडची सीट किंवा जास्त जागा असलेली रांग आधीच निवडावी. आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत पायांना जागा मिळते. तेथे मात्र प्रसंगी दार उघडण्यास मदत करू शकणाऱ्या धडधाकट प्रौढ व्यक्तींनाच बसवतात, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला ती जागा मिळत नाही.

५. मग मी माझी सीट मागे घ्यावी की नाही?

तासाभराच्या प्रवासात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रीच्या किंवा लांबच्या प्रवासात घ्यावी, परंतु आधी मागे वळून बघावे, ट्रेवर काही नाही ना याची खात्री करावी आणि हळूहळू घ्यावी. शेवटच्या रांगेतील आणि आपत्कालीन दाराच्या पुढच्या रांगेतील सीट बहुतेक विमानांत मागे जातच नाहीत, हे तिकीट काढतानाच ध्यानात ठेवावे.

६. मागच्या सीटवरचे मूल सतत लाथा मारते. लहान मुलाला काय बोलायचे?

मुलाला बोलू नये, त्याच्या पालकांना सांगावे. पुष्कळदा मूल ट्रे उघड-बंद करत असते किंवा पडद्यावर बोटे दाबत असते आणि त्याचे हादरे पुढे बसतात. आई-बापांना बसल्या जागेवरून ते जाणवत नाही. "ताई, बाळाचे पाय माझ्या पाठीला लागत आहेत" एवढे पुरे होते. दोन वर्षांखालील बाळ स्वतंत्र सीट न घेता मांडीवर बसवता येते आणि त्याचे हातपाय शेजाऱ्याकडे येणारच. तेवढे मात्र सोसावे, कारण त्या आईकडेही दुसरी जागा नसते. मागे मूल नसून मोठा माणूसच गुडघे टेकवत असेल, तर प्रश्न ३ मधील रीत वापरावी. उंच माणसाचे गुडघे आपोआप टेकतात, तेव्हा त्याने ते मुद्दाम केले असे धरून चालू नये.

७. शेजारी पाय फाकवून बसतो, झोपेत डोके खांद्यावर टाकतो, मागच्याचे अनवाणी पाय माझ्या आर्मरेस्टवर येतात. हे सगळे सहन करायचे का?

या तिन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. झोपेत कललेल्या माणसाचा काही दोष नाही. त्याचा खांदा हळूच सरळ करावा आणि जागा झाल्यास "काका, तुमची मान अवघडेल" असे सांगावे. पाय फाकवून बसणे ही सवय आहे आणि ती सांगितल्याशिवाय जात नाही. सीटच्या दोन कडांमधून पुढे काढलेल्या रेषेच्या आत प्रत्येकाने पाय ठेवावेत, हा साधा हिशेब आहे.

अनवाणी किंवा मोजे घातलेले पाय पुढच्याच्या आर्मरेस्टवर ठेवणे मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. मांडी घालून बसायची आपली सवय जुनी आहे. पायांना सूज येत असेल तर स्वतःच्या जागेत चप्पल काढून बसायलाही हरकत नाही. पण दुसऱ्याच्या कोपराशी पाय नेणे हा त्याचा अवमान होतो. त्याला पहिल्याच वेळी आणि स्पष्ट शब्दांत हरकत घ्यावी. शौचालयात जाताना पायांत काहीतरी घालावे, हेही ओघाने सांगतो.

८. डोक्यावरच्या कप्प्यात दुसऱ्यांनी सामान कोंबले आणि माझ्या बॅगेला जागाच उरली नाही. तो कप्पा माझा नाही का?

तो सामाईक असतो. आपल्या रांगेच्या वरचा कप्पा आधी आपण वापरावा असा संकेत आहे, पण तसा मालकीहक्क नाही. दुसऱ्याचे सामान स्वतः हलवू नये, क्रूला सांगावे. ते सामान फिरवून जागा करून देतात. देशांतर्गत साध्या वर्गात सोबत नेण्याच्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते.

आपल्या भागातील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मे महिन्यात केसर आंब्याच्या पेट्या आणि हंगामात जालन्याच्या मोसंबीच्या पिशव्या मोठ्या प्रेमाने मुंबई-दिल्लीच्या नातेवाइकांसाठी नेल्या जातात. त्या वर मावल्या नाहीत की पायाशी ठेवल्या जातात आणि घसरत शेजाऱ्याच्या पायाखाली जातात. विमान ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते हे सिद्ध झाल्यावरच त्या प्रकारच्या विमानाला मान्यता मिळते, म्हणून पायांत अडथळा ठेवू दिला जात नाही. अशी पेटी नीट बांधून तपासणीच्या, म्हणजे काउंटरवर सोपवायच्या, सामानात द्यावी.

९. माझ्या खिडकीच्या सीटवर दुसरेच कोणी बसले होते आणि "कुठेही बसा, काय फरक पडतो" म्हणाले. मी उठवायला हवे होते का?

हो. बोर्डिंग पास दाखवून "ही १४एफ माझी आहे" असे सांगावे आणि ऐकले नाही तर वाटेतच थांबून क्रूला बोलवावे. दुसरीकडे बसून घेतले तर त्या सीटचा प्रवासी आल्यावर तुम्हालाच उठावे लागते. पैसे देऊन निवडलेली सीट सोडण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नसते. कोणी विनंती करून सीट बदलून मागितली, उदाहरणार्थ नवरा-बायको किंवा आई आणि मूल वेगळे पडले असतील, तर मन होत असल्यास जरूर द्यावी. नको असल्यास "माफ करा, मला हीच हवी आहे" एवढे पुरे, का ते सांगण्याची गरज नाही.

१०. शेजारचे प्रवासी अंगाने मोठे होते आणि माझी पाव सीट त्यांच्याकडे गेली. त्यांना काय बोलणार?

त्यांना काहीही बोलू नये. त्यांची अडचण तुमच्यापेक्षा मोठी असते आणि त्यांना तिची जाणीव असते. उठून मागे जावे आणि क्रूला हळू आवाजात विचारावे की दुसरी मोकळी सीट आहे का. विमान भरलेले नसेल तर व्यवस्था होते. भरलेले असेल तर मधली आर्मरेस्ट खाली ठेवावी, त्याने दोघांनाही सीमा कळते. स्वतः अंगाने मोठे असलेल्या प्रवाशांना माझी विनंती आहे की त्यांनी आधीच विमान कंपनीकडे जादा सीटची चौकशी करावी आणि पट्टा पुरत नसल्यास क्रूकडे जोडपट्टा मागावा. तो मागण्यात कमीपणा नाही.

११. मोबाइलचा मोठा आवाज, उग्र अत्तर, तंबाखू : हाही जागेवरचा हल्लाच नाही का?

माझ्या मते आहे. आवाज आणि वास यांना आर्मरेस्ट अडवत नाही. मोबाइलवर व्हिडिओ मोठ्याने लावणाऱ्याला "दादा, हेडफोन आहे का?" असे विचारणे पुरेसे असते. धूम्रपानाला विमानात सक्त मनाई आहे. तोंडात तंबाखू किंवा गुटखा धरून बसणारे आणि उलटीसाठीच्या कागदी पिशवीत थुंकणारे प्रवासी मी पाहिले आहेत, आणि शेजाऱ्याला दोन तास त्या वासात बसावे लागते. अशा वेळी वाद न घालता थेट क्रूला सांगावे. घामाच्या किंवा अत्तराच्या वासाबद्दल माणसाला तोंडावर बोलणे जड जाते, तेव्हा डोक्यावरचा हवेचा झोत फिरवून बघावा आणि दमा किंवा ॲलर्जी असल्यास तसे सांगून जागा बदलून मागावी.

१२. क्रूला कधी बोलवायचे? उगाच तक्रार केली असे वाटणार नाही का?

दोनदा शांतपणे सांगूनही फरक न पडल्यास, समोरचा आवाज चढवू लागल्यास, किंवा तुम्हाला भीती वाटल्यास लगेच. डोक्यावर माणसाची आकृती असलेले बटण असते, ते दाबावे. विमान सुटताना आणि उतरताना क्रूलाही बसून राहावे लागते, त्यामुळे त्या काळात उत्तर उशिरा मिळेल. काय घडले ते दोन वाक्यांत सांगावे आणि "मला दुसरी जागा मिळेल का?" किंवा "तुम्ही त्यांना सांगाल का?" असे नेमके मागावे.

१३. स्पर्श चुकून नव्हे, मुद्दाम होतो आहे असे वाटले तर?

येथे प्रश्न ३ मधील सबुरी लागू नाही. खात्री होईपर्यंत थांबू नये, समोरच्याला समजावत बसू नये. मोठ्या आवाजात "हात बाजूला घ्या" असे म्हणावे, उठून उभे राहावे आणि क्रूला जागा बदलून मागावी. "नंतर बघू" असे उत्तर स्वीकारू नये. घटनेची नोंद करावी आणि कॅप्टनला कळवावे, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. आजूबाजूच्या ज्या प्रवाशांनी पाहिले, त्यांचे नाव आणि नंबर विमानातच घ्यावेत, कारण उतरल्यावर माणसे पांगतात.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ आणि ७५ मध्ये विनयभंग आणि लैंगिक छळ हे गुन्हे आहेत. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, ठाण्याची हद्द आड येत नाही. त्यामुळे दिल्लीच्या विमानात घडलेल्या प्रसंगाची तक्रार जालन्याला परतून देता येते. तरीही उतरताच विमानतळावर दिलेली बरी. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. एकट्या जाणाऱ्या मुलींच्या वडिलांचे मला फोन येतात. त्यांना मी वाटेकडची सीट सुचवतो, म्हणजे कोणालाही ओलांडावे न लागता उठता येते.

१४. विमान कंपनी अशा प्रवाशावर खरोखर काही कारवाई करते का?

करू शकते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१७ साली बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पातळ्या ठरवल्या. शिवीगाळ, हातवारे आणि दारूच्या नशेतील धिंगाणा यांसाठी ३ महिन्यांपर्यंत, ढकलणे, मारणे किंवा अयोग्य स्पर्श यांसाठी ६ महिन्यांपर्यंत, आणि जीवाला धोका निर्माण करणाऱ्या वर्तनासाठी किमान २ वर्षे विमानप्रवासाची बंदी, असे त्यांचे स्वरूप आहे. निर्णय निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीने ३० दिवसांत द्यावा, असे त्या नियमांत म्हटले आहे. आर्मरेस्टवरचे कोपर यात बसत नाही, हे समजून घ्यावे. सेवेतील त्रुटीची तक्रार आधी विमान कंपनीकडे लेखी करावी, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर.

१५. मी फक्त माझा हक्क सांगितला आणि क्रूने मलाच गप्प बसवले. हे योग्य आहे का?

ते अन्यायाचे वाटते, हे मला मान्य आहे. पण दोघांचे आवाज चढले की क्रूला कोण बरोबर हे ठरवायचे नसते, विमान शांत ठेवायचे असते. विमानात कॅप्टनचा शब्द अंतिम असतो आणि विमान सुटण्यापूर्वी दोघांनाही उतरवले जाऊ शकते. त्यामुळे त्या वेळी ऐकावे आणि उतरल्यावर सीट क्रमांक, वेळ आणि घडलेला क्रम लिहून तक्रार करावी. शेजाऱ्याचा व्हिडिओ काढण्याची धमकी देऊ नये, तिने वाद हमखास वाढतो.

१६. आई पहिल्यांदाच एकटी जाणार आहे. तिला हिंदी-इंग्रजी जमत नाही. ती कोणाला काय सांगणार?

हा प्रश्न परभणी, हिंगोली, बीडकडून हमखास येतो. आपण चिठ्ठी लिहून द्यावी. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत सीट क्रमांक, मुलाचा किंवा मुलीचा मोबाइल नंबर आणि त्याखाली हिंदी व इंग्रजीत तीन वाक्ये लिहावीत : ही माझी सीट आहे, मला गुडघ्याचा त्रास आहे, कृपया मला मदत करा. क्रूला बोलवण्याचे बटण कुठे असते ते घरीच फोटो दाखवून समजावावे. व्हीलचेअरची गरज असल्यास ती तिकिटाच्या वेळीच नोंदवावी, म्हणजे दारापासून सीटपर्यंत सोबत मिळते. आईसाठी मी हीच चिठ्ठी केली आहे. ती पदराच्या गाठीत ठेवते, आणि मागच्या खेपेस पुढच्या मुलाला तिने ती नुसती दाखवली. त्याने सीट सरळ केली आणि उतरताना तिची पिशवीही खाली काढून दिली.